वर्कशॉपसाठी कोणती पॉवर सॉ घ्यावी? टेबल सॉ, पॅनल सॉ, बँड सॉ आणि इतर प्रकारांची सविस्तर माहिती

भोसरी, मोशी, चिखली, तळवडे किंवा चाकणच्या बाजूला लाकडाच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये गेलात, तर एक दृश्य बऱ्याचदा दिसतं. प्लायच्या टेबलाला खालून उलटा बसवलेला हँड कटर, स्विच टेप गुंडाळून कायमचा चालू ठेवलेला आणि टेबलाच्या वर उघडं फिरणारं ब्लेड. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "टेबल सॉ घ्यायची आहे, पण कोणती घ्यावी ते कळत नाही. तोपर्यंत हे चालतंय."

चालतंय खरं. पण या "तोपर्यंत"मध्येच बोटं जातात, आणि घाईत चुकीचं मशीन घेतलं तर पैसे जातात. म्हणून या लेखात आपण पॉवर सॉचे मुख्य प्रकार, कोणती करवत कोणत्या कामाची, जागा आणि वीज किती लागते, लायसन्सचा प्रश्न कधी येतो आणि खरेदी कोणत्या क्रमाने करावी, हे सगळं सोप्या भाषेत पाहणार आहोत.

थोडक्यात उत्तर

घाई असेल तर एवढंच लक्षात ठेवा:

- पॅलेट, क्रेट, लाकडी पेट्या: आधी माइटर सॉ, मग टेबल सॉ.
- प्लाय, एमडीएफ, मॉड्युलर फर्निचर: आधी ट्रॅक सॉ, काम वाढलं की पॅनल सॉ.
- फाउंड्रीचे पॅटर्न, गोलाकार काम: उभी बँड सॉ.
- जुनी पॅलेट सोडवणे आणि दुरुस्ती: रेसिप्रोकेटिंग सॉ.
- साइटवरचं फुटकळ काम: हँड सर्क्युलर सॉ आणि जिगसॉ.

हे असं का, ते आता पाहूया.

मशीन बघण्याआधी आपले काप मोजा

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती एचपी?" खरं तर आपण स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: "दिवसभरात मी कोणता काप सर्वांत जास्त वेळा मारतो?"

लाकडाचे काप मुख्यतः चार प्रकारचे असतात:

१. आडवा काप: पट्टी लांबीला तोडणे. पॅलेटची फळी १००० मिमीवर तोडली, तो आडवा काप.
२. उभा काप: लाकडाच्या रेषेच्या दिशेने चिरणे. रुंद फळीतून दोन अरुंद पट्ट्या काढल्या, तो उभा काप.
३. शीट काप: ८ बाय ४ फुटांच्या प्लाय किंवा एमडीएफमधून पॅनल काढणे.
४. वळणाचा काप: गोल, कमान किंवा कोणताही वाकडा आकार.

एक आठवडा मशीनजवळ वही ठेवा आणि मिस्त्रींना प्रत्येक कामापुढे १, २, ३, ४ असा आकडा लिहायला सांगा. आठवड्याच्या शेवटी जो आकडा सर्वांत जास्त आला असेल, त्याचं मशीन पहिलं घ्यायचं. बाकीचे काप काही दिवस हातातल्या छोट्या मशीनवर भागतात.

आपल्या पट्ट्यात हा हिशोब वर्कशॉपगणिक बदलतो. इथे साधारण तीन प्रकारची लाकूडकामं चालतात.

पॅकेजिंगवाले: चाकणमध्ये फोक्सवॅगन, महिंद्रा, बजाज, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने आहेत आणि त्यांच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या असंख्य कंपन्या आहेत. हा माल पॅलेट आणि क्रेटमध्ये भरून जातो, निर्यातीचा असेल तर न्हावा शेवा बंदरापर्यंत. इथे आडव्या कापांचं राज्य असतं. समजा एका पॅलेटला १५ तुकडे लागतात. म्हणजे १०० पॅलेटला १५०० काप. प्रत्येक काप २० सेकंदांनी लवकर झाला, तर ३०,००० सेकंद वाचतात, म्हणजे आठ तासांपेक्षा जास्त. एका माणसाची अख्खी शिफ्ट!

फर्निचरवाले: वाकड, रावेत, मोशीच्या नव्या फ्लॅटमधले किचन आणि वॉर्डरोब. इथे शीट काप जास्त, आणि सनमायकाची कड न उडता काप आला पाहिजे हीच खरी परीक्षा.

पॅटर्नवाले: फाउंड्रीत ओतकामासाठी आधी लाकडी पॅटर्न लागतो. आता बरंच काम सीएनसी राउटरवर गेलं असलं, तरी हाताने बनणारे पॅटर्न संपलेले नाहीत. इथे वळणाचा काप महत्त्वाचा.

पॉवर सॉचे प्रकार

१. हँड सर्क्युलर सॉ

हातात धरून चालवायची गोल ब्लेडची करवत. साधारण ७ इंची ब्लेड, सुमारे ६५ मिमी खोलीपर्यंत काप. खाली आपोआप बंद होणारा गार्ड असतो. काप संपला की गार्ड ब्लेड झाकतो.

फायदा: किंमत हजारांत, कुठेही नेता येते, जड लाकूड मशीनकडे न आणता मशीन लाकडाकडे नेता येतं.
मर्यादा: रेघ सरळ ठेवणं हातावर अवलंबून. रोजच्या शेकडो कापांसाठी ही नाही.

२. ट्रॅक सॉ

ही सर्क्युलर सॉच, पण ॲल्युमिनियमच्या रुळावर सरकते. रुळाच्या कडेला रबराची पट्टी असते. ती लाकडावर दाबून बसते, त्यामुळे कड कमी उडते. ब्लेड शीटमध्ये वरून खाली उतरतं आणि उचललं की पूर्ण आत जातं.

छोट्या गाळ्यातल्या फर्निचरवाल्यासाठी हा उत्तम पर्याय आहे. जमिनीवर थर्माकोलची शीट टाका, त्यावर प्लाय ठेवा आणि काप मारा. ८ फुटांच्या कापासाठी दोन रूळ जोडावे लागतात. जोडताना ते एका रेषेत आले आहेत की नाही हे लांब पट्टीने तपासा, नाहीतर मधोमध पायरी पडते.

मर्यादा: प्रत्येक कापाला रूळ लावायचा, मोजायचं, परत लावायचं. दिवसाला दोन-चार शीट ठीक, वीस शीट नाही.

३. माइटर सॉ

वरून खाली येणारी करवत. आडवा काप आणि कोनातला काप यासाठीच बनलेली. १० इंची साध्या माइटर सॉवर सुमारे १३० मिमी रुंदीची फळी एका दमात तुटते. पॅलेटच्या नेहमीच्या १०० मिमी फळीला एवढं पुरतं. स्लायडिंग प्रकारात ३०० मिमीच्या आसपास रुंदी मिळते, पण किंमत आणि लागणारी जागा दोन्ही वाढतात.

खरी युक्ती मशीनमध्ये नाही, टेबलात आहे. दोन्ही बाजूंना लांब टेबल करा आणि हव्या त्या लांबीवर लाकडाचा ठोकळा क्लॅम्पने पक्का बसवा. फळी ठोकळ्याला टेकवली की काप. टेप लावून मोजणं बंद! वर सांगितलेले २० सेकंद इथेच वाचतात.

महत्त्वाचं: ठोकळा एकाच बाजूला ठेवा. ब्लेड आणि ठोकळा यांच्यामधला तुकडा कापताना हाताने किंवा क्लॅम्पने पक्का धरलेला हवा. सुटा तुकडा ब्लेडमध्ये अडकला तर गोळीसारखा उडतो.

४. टेबल सॉ

टेबलाच्या खाली मोटर, वर ब्लेडचा थोडा भाग आणि बाजूला समांतर फेन्स. लाकूड फेन्सला टेकवून पुढे ढकलायचं. उभ्या कापासाठी हिच्यासारखं दुसरं मशीन नाही. एकसारख्या रुंदीच्या शंभर पट्ट्या काढायच्या असतील तर टेबल सॉच हवी.

पण अपघातही इथेच होतात. १० इंची ब्लेड ४००० आरपीएमवर फिरत असेल, तर दात्यांचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किलोमीटर होतो. ब्लेडचा मागचा भाग टेबलातून वर येत असतो. चिरलेलं लाकूड मागे मिटलं किंवा तिरकं होऊन त्या दात्यांना लागलं, तर दाते ते उचलून थेट तुमच्या दिशेने फेकतात. यालाच किकबॅक म्हणतात. लाकूड अंगावर येतं आणि ढकलणारा हात ब्लेडवर ओढला जातो.

यावरचा उपाय म्हणजे रायव्हिंग नाइफ. ब्लेडच्या लगेच मागे उभी असणारी आणि ब्लेडबरोबर वर-खाली होणारी पोलादी पट्टी. ती चिरलेली फट मिटू देत नाही. तिची जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दात्यांच्या कापापेक्षा किंचित कमी असावी लागते. ओलं जंगलवूड चिरताना फट हमखास मिटते, त्यामुळे पॅकेजिंगच्या कामात ही पट्टी नसलेली टेबल सॉ घेऊच नका.

५. स्लायडिंग पॅनल सॉ

मोठ्या फर्निचर वर्कशॉपचं मुख्य मशीन. शीट सरकत्या टेबलावर ठेवायची आणि टेबलासकट पुढे न्यायची. हिच्यात दोन ब्लेड असतात. पुढचं छोटं स्कोअरिंग ब्लेड उलट्या दिशेने फिरतं आणि खालच्या सनमायकाला एक-दोन मिलिमीटरची खाच पाडतं. मागचं मोठं ब्लेड त्याच खाचेतून जातं, म्हणून दोन्ही बाजूंची कड साफ निघते.

मर्यादा: किंमत लाखांत आणि जागा भरपूर. ३२०० मिमीचं टेबल पुढे आणि मागे तेवढंच सरकतं, म्हणजे लांबीच्या दिशेने २२ फूट मोकळी जागा हवी. २० बाय ३० च्या गाळ्यात हे मशीन आलं तर बाकी कामाला कोपराच उरतो.

६. बँड सॉ

दोन चाकांवर फिरणारी पट्टीसारखी लांब ब्लेड. हिचे तीन फायदे आहेत.

पहिला, वळणाचा काप. पट्टी जितकी अरुंद तितकं वळण लहान. ६ मिमी पट्टी साधारण १६ मिमी त्रिज्येचं वळण घेते, १२ मिमी पट्टीला सुमारे ६५ मिमी त्रिज्या लागते. पॅटर्न शॉपमध्ये टेबल एक-दोन अंश तिरकं करून कापता येतं, त्यामुळे पॅटर्न वाळूतून सुटण्यासाठी लागणारा उतार कापतानाच मिळतो.

दुसरा, लाकडाची बचत. गोल ब्लेड सुमारे ३ मिमी लाकडाचा भुसा करतं, बँड सॉ साधारण दीड मिमी. हिशोब करून बघा: ११० मिमी जाडीच्या ठोकळ्यातून २० मिमीच्या पाच फळ्या काढायला चार काप लागतात. गोल ब्लेडने १०० अधिक १२ म्हणजे ११२ मिमी हवेत, पाचवी फळी निघत नाही. बँड सॉने १०० अधिक ६ म्हणजे १०६ मिमीत काम होतं. प्रत्येक ठोकळ्यामागे एक फळी जास्त!

तिसरा, किकबॅक जवळजवळ नाही, कारण पट्टी लाकडाला खाली टेबलावर दाबते. पण म्हणून ती निर्धोक समजू नका. ढकलणारा अंगठा सरळ पट्टीत जाऊ शकतो.

मर्यादा: कापलेला पृष्ठभाग खडबडीत असतो, नंतर रंधा किंवा सँडर लागतोच.

७. जिगसॉ आणि रेसिप्रोकेटिंग सॉ

जिगसॉ छोट्या वळणांसाठी आणि सिंक किंवा हॉबचा आतला काप काढण्यासाठी. तिचे दाते वरच्या दिशेने कापतात, म्हणून सनमायकाची चांगली बाजू खाली ठेवा.

रेसिप्रोकेटिंग सॉ पुढे-मागे धावते. लांब बाय-मेटल ब्लेड लावून पॅलेटच्या दोन फळ्यांमधले खिळे कापता येतात. फळ्या न फुटता सुटतात. दुरुस्तीवाल्यांसाठी फार कामाची वस्तू आहे.

निर्यातीच्या पॅलेटबद्दल एक सूचना: आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय नियमानुसार लाकडाच्या गाभ्याचं तापमान किमान ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटं ठेवून प्रक्रिया केलेली असावी लागते, आणि तसा शिक्का अधिकृत प्रक्रिया केंद्रच मारू शकतं. दुरुस्तीत प्रक्रिया न केलेली फळी बसवली, तर जुना शिक्का ग्राह्य राहत नाही. करवत कितीही चांगली असली तरी ही चूक कंटेनर परत आणू शकते.

उलट्या कटरचं टेबल बंद का करावं?

आता सुरुवातीच्या दृश्याकडे परत येऊ. बहुतेक वेळा तो कटर लाकडाचा नसतोच, तो मार्बल कटर असतो. त्याला ४ इंची लाकडाचं ब्लेड लावलेलं असतं. मार्बल कटर १३,००० आरपीएमच्या आसपास फिरतो. ११० मिमी ब्लेडच्या दात्यांचा वेग सेकंदाला जवळपास ७५ मीटर होतो, म्हणजे १० इंची टेबल सॉपेक्षाही जास्त. ब्लेड छोटं दिसतं म्हणून भीती वाटत नाही, एवढाच फरक.

या टेबलात चार गोष्टी नसतात:

- रायव्हिंग नाइफ नाही, म्हणजे किकबॅकला अडवणारं काही नाही.
- गार्ड नाही.
- ब्लेडला समांतर पक्की फेन्स नाही. एक पट्टी क्लॅम्पने धरलेली असते आणि ती सरकते.
- लाइट गेल्यावर बंद राहणारा स्विच नाही.

शेवटचा मुद्दा बारकाईने बघा. लाइट गेली, मिस्त्रींनी अडकलेला तुकडा काढायला हात घातला आणि लाइट आली. टेपने बांधलेला स्विच चालूच आहे. ब्लेड आपोआप सुरू होतं. चांगल्या टेबल सॉवर नो-व्होल्ट स्विच असतो. वीज गेली की तो पडतो आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मशीन चालू होत नाही.

अँगल ग्राइंडरला लाकडाचं दातेरी ब्लेड लावणं तर याहून वाईट. ते कधीच करू नका. आणि कोणतंही ब्लेड घेताना त्यावर छापलेला कमाल आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त आहे ना, हे वाचून घ्या.

ब्लेड: स्वस्तात होणारी सर्वांत मोठी सुधारणा

पुष्कळदा मशीन बदलायची गरजच नसते, ब्लेड बदलायची असते. १० इंची ब्लेडसाठी साधारण असं धरा:

- २४ दाते: उभा काप, पाइनवूड आणि जंगलवूड चिरण्यासाठी
- ४० दाते: मिश्र काम
- ६० दाते: आडवा काप आणि प्लाय
- ८० दाते: सनमायका लावलेला प्लाय, प्री-लॅम बोर्ड, एमडीएफ

दाते जास्त तर काप साफ, पण वेग कमी आणि उष्णता जास्त. ८० दात्यांच्या ब्लेडने जाड पाइन चिरायला गेलात तर लाकूड काळं पडतं आणि मोटर गरम होते. लोक मग म्हणतात, "मोटर कमी पडते." मोटर नाही, ब्लेड चुकलंय.

माइटर सॉसाठी दात्यांचा पुढचा झुकाव कमी किंवा उलटा असलेलं ब्लेड घ्या. टेबल सॉचं आक्रमक ब्लेड तिथे लावलं तर ते लाकडावर चढतं.

जुन्या पॅलेटचं लाकूड कापण्याआधी चुंबक किंवा मेटल डिटेक्टर फिरवा. एक विसरलेला खिळा कार्बाइडचे दाते उडवतो आणि ठिणगी भुशात पडली तर आग लागू शकते.

वीज आणि जागेचा हिशोब

१ एचपी म्हणजे ७४६ वॅट. २००० वॅटची हँड सॉ किंवा माइटर सॉ २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर घेते. तिला १६ अँपिअरचा सॉकेट पुरतो. साधारण ३ एचपीपर्यंत सिंगल फेजवर भागतं, त्यापुढे थ्री फेज घ्या.

पॅनल सॉला सहसा मुख्य मोटर ५.५ एचपी आणि स्कोअरिंगची १ एचपी असते. भुसा ओढणारा ३ एचपीचा डस्ट कलेक्टर धरला तर एकूण साडेनऊ एचपी, म्हणजे सुमारे ७ किलोवॅट. महावितरणकडे तुमच्या गाळ्याचा मंजूर भार किती आहे, हे मशीनचा ॲडव्हान्स देण्याआधी बिलावर बघा.

थ्री फेजची एक खास गोष्ट: दोन फेज उलट जोडले गेले तर मोटर उलटी फिरते. गाळा बदलला, वायरिंग केलं किंवा बाहेर लाइनचं काम झालं, की लाकूड लावण्याआधी मशीन क्षणभर सुरू करून दिशा तपासा.

लांब आणि बारीक एक्स्टेंशनही टाळा. व्होल्टेज पडतं, मोटर तापते. ३० मीटरला किमान २.५ चौरस मिमीची वायर घ्या.

लायसन्स लागतं का?

हा मुद्दा बरेच जण मशीन आल्यावर विचारतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या आदेशानंतर नव्या सॉ मिलवर कडक निर्बंध आले. पुढे केंद्र सरकारने २०१६ मध्ये लाकडावर आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात कायदेशीर मार्गाने घेतलेलं कापीव लाकूड, प्लाय, एमडीएफ किंवा आयात लाकूड वापरणाऱ्या युनिटला लायसन्समधून सूट आहे, पण एका अटीवर: तिथे बँड सॉ, री-सॉ किंवा ३० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाची गोल करवत नसावी.

आता गंमत बघा. १० इंची ब्लेड २५.४ सेंटिमीटर, म्हणजे मर्यादेच्या आत. पण १२ इंची ब्लेड ३०.४८ सेंटिमीटर. अर्ध्या सेंटिमीटरने बाहेर! म्हणून बँड सॉ किंवा १२ इंची मशीन घेण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा आणि लाकडाची सगळी बिलं फाइलला लावून ठेवा.

सुरक्षितता: आधी इथे खर्च करा

- रायव्हिंग नाइफ आणि गार्ड काढून ठेवू नका. "गार्डमुळे रेघ दिसत नाही" हे कारण असेल तर फेन्स नीट लावा, रेघ बघायची गरजच पडत नाही.
- ब्लेड लाकडाच्या वर काही मिलिमीटरच ठेवा.
- अरुंद पट्टी नेहमी पुश स्टिकने ढकला. ती टाकाऊ प्लायमधून फुकट बनते.
- ब्लेडच्या सरळ रेषेत उभं राहू नका, थोडं बाजूला उभं राहा.
- चष्मा, कानाचे मफ आणि चांगला मास्क वापरा. लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलं आहे.
- नव्या हेल्परला पहिल्याच दिवशी टेबल सॉवर उभं करू नका.

आपल्या पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. महिन्यातला एक गुरुवार मशीनसाठी ठेवा: प्लग काढून ब्लेडवरचा डिंक साफ करणं, फेन्स ब्लेडला समांतर आहे का बघणं, बेल्ट तपासणं.

आणि तरीही अपघात झालाच तर? जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, हात उंच ठेवा, १०८ ला फोन करा. तुटलेलं बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. जवळच्या कोणत्या रुग्णालयात बोट जोडण्याची मायक्रोसर्जरी होते, ते आजच विचारून नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

जुनं मशीन घेताना काय बघावं?

- प्लग काढून ब्लेडचा शाफ्ट हाताने हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग गेलंय.
- फेन्स लॉक केल्यावर ब्लेडच्या पुढच्या आणि मागच्या टोकाशी अंतर सारखं आहे का मोजा.
- रायव्हिंग नाइफ आणि गार्ड मशीनसोबत मिळतायत का? "ते कुठंतरी पडलं असेल" असं उत्तर आलं तर तेवढी किंमत कमी करून नवे आधी लावा.
- आर्मेचर, कार्बन, स्विच पुण्यात मिळतात का?
- तुमचं स्वतःचं लाकूड घेऊन जा आणि कापून बघा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*एकच मशीन घेता येईल एवढंच बजेट आहे. काय घेऊ?*
फर्निचर करत असाल तर ट्रॅक सॉ, पॅलेट करत असाल तर माइटर सॉ. शीटचं काम एकदम वाढलं तर पॅनल सॉ असलेल्या शेजाऱ्याकडे कटिंगचं जॉबवर्क द्या. दर महिन्याचं जॉबवर्कचं बिल पॅनल सॉच्या हप्त्याएवढं झालं की स्वतःची घ्या.

*सॉवर काम करताना हातमोजे घालावेत का?*
नाही. फिरत्या ब्लेडमध्ये मोज्याचा धागा अडकला तर पूर्ण हात ओढला जातो. मोजे फक्त लाकूड उचलताना घाला. सैल बाह्या, कडं, गळ्यातला गमछा हेही काढून ठेवा.

*कॉर्डलेस सॉ चालेल का?*
साइटवर छान. पण वर्कशॉपमध्ये दिवसभराच्या कापांसाठी वायरचं मशीनच परवडतं.

*बोट लागताच थांबणारी टेबल सॉ असते म्हणतात?*
हो. अमेरिकेत सॉस्टॉप नावाचं असं मशीन आहे. त्वचेचा स्पर्श ओळखून ब्लेड सुमारे ५ मिलिसेकंदांत थांबतं. पण ते महाग आहे आणि फार ओल्या लाकडावर चुकून ट्रिप होऊ शकतं. ते नसलं तरी वर सांगितलेल्या गोष्टी आपल्या हातात आहेतच.

निष्कर्ष

मित्रांनो, सर्वांत मोठी करवत म्हणजे सर्वांत चांगली करवत असं नसतं. आधी वहीत काप मोजा, जो काप सर्वांत जास्त त्याचं मशीन घ्या, त्यावर योग्य ब्लेड लावा आणि गार्ड जागेवर ठेवा. आणि नवीन मशीन यायला वेळ असेल, तर निदान आजच त्या उलट्या कटरच्या स्विचवरची टेप काढा आणि तो टेबलावरून उतरवा. काम दोन दिवस हळू होईल, पण ते करणारे हात शाबूत राहतील.

तुमच्या वर्कशॉपमध्ये कोणता काप सर्वांत जास्त होतो, ते आम्हाला नक्की कळवा. आणि ज्यांच्याकडे असं टेबल अजून चालू आहे, त्या मित्रापर्यंत ही माहिती जरूर पोहोचवा.